बर्फातल्या प्यूमाचा माग : कुत्री सोडण्याआधीचं काम आणि नंतरचं

अमेरिकेच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या कुशीतल्या आयडाहो, मोंटाना, वायोमिंग या राज्यांत हिवाळ्यात रात्री ताजा बर्फ पडून थांबला की काही मंडळी उजाडायच्या कितीतरी आधी उठून गाडीत कुत्री चढवतात. त्यांना प्यूमा शोधायचा असतो. प्यूमा म्हणजे मोठं रानमांजर; तिकडे त्याला माउंटन लायन किंवा कौगर म्हणतात. हा प्राणी एवढा लपून राहतो की त्याच्याच डोंगरात जन्म काढलेल्या कित्येकांनी तो एकदाही पाहिलेला नसतो. ताजा बर्फ आणि चांगली कुत्री हे दोन्ही जुळून आले, तरच त्याच्यापर्यंत बऱ्यापैकी खात्रीने पोचता येतं.

प्यूमाबद्दल आज जे शास्त्रीय ज्ञान आहे त्याचा पायासुद्धा याच पद्धतीने घातला गेला. मॉरिस हॉर्नॉकर या संशोधकाने १९६४ मध्ये आयडाहोच्या बिग क्रीक खोऱ्यात काम सुरू केलं, तेव्हा त्याच्याबरोबर विल्बर वाइल्स हा त्याच डोंगरांत राहणारा, मुरलेला माग काढणारा होता आणि त्याची कुत्री होती. कुत्री मागे लावून प्यूमाला झाडावर चढवायचं, भुलीचं औषध द्यायचं, खूण करायची आणि सोडून द्यायचं, असं हिवाळ्यामागून हिवाळे चाललं. तेच ते प्राणी पुन्हा पुन्हा सापडत गेले. मोठे, स्थिरावलेले प्यूमा आपापला मुलूख धरून असतात आणि त्यातूनच त्यांची संख्या आवाक्यात राहते, हे त्या कामातून पुढे आलं. प्यूमांमुळे हरणांचे आणि एल्क या मोठ्या हरणांचे कळप संपतात ही समजूतही त्याने खोडून काढली. त्याआधी कित्येक वर्षं बऱ्याच राज्यांत प्यूमा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे, हे लक्षात घेतलं म्हणजे या कामाचं मोल कळतं.

हा लेख माग काढून प्यूमाला झाडावर चढवणं, पाहणं, नोंद करणं आणि त्याला तिथेच सोडून परत येणं एवढ्यापुरता आहे. संशोधकांच्या तुकडीबरोबर जाणाऱ्यांना किंवा 'परसूट सीझन'मध्ये, म्हणजे फक्त पाठलागाची मुभा असलेल्या काळात, जाणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगते. या कामातलं नव्वद टक्के शहाणपण कुत्री सोडण्याआधी वापरायचं असतं. साखळी सुटली की पुढचे निर्णय कुत्र्यांचे आणि डोंगराचे असतात.

आधी कायदा

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये जनमताने प्यूमाची शिकारच बंद केली. कुत्र्यांच्या मदतीने प्यूमाची शिकार करण्यावर ओरेगॉनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६ मध्ये बंदी घातली. कोलोराडोत प्यूमाची शिकारच बंद करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाला आला आणि फेटाळला गेला. आयडाहो, मोंटाना, वायोमिंगमध्ये कुत्री वापरता येतात, पण परवाना, तारखा आणि विभागवार कोटा, म्हणजे किती प्यूमा मारायची मुभा आहे ते, सगळं पाहावं लागतं. कोटा भरला की एखादा विभाग मोसमाच्या मध्येच बंद होतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या वन्यजीव खात्याची ताजी माहिती बघायची. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवी. राष्ट्रीय उद्यानात हे चालत नाही. यलोस्टोनमध्ये प्यूमांवर दीर्घकाळ काम झालं आहे ते संशोधनाच्या रीतसर परवान्यावर.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, सापळ्यात धरणं हेही येतं, त्यामुळे यातलं काहीही सह्याद्रीत करून पाहायचं नाही. शिवाय बिबट्या म्हणजे प्यूमा नव्हे. अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आढळला होता. प्यूमाचं वागणं उलट. तो लांडग्यांच्या कळपापुढे माघार घेणारा प्राणी आहे, आणि मागे भुंकणारी टोळी लागली की झाड गाठतो. अंगात वेग भरपूर, पण तो थोड्या अंतराचा; लांब पळण्याचा दम त्याच्याकडे नाही. सगळी पद्धत या एका स्वभावावर उभी आहे.

कुत्री

ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, ब्लॅक अँड टॅन, प्लॉट, रेडबोन या तिकडच्या नेहमीच्या जाती. जातीवरून लोक तासन् तास वाद घालतात. मला विचाराल तर जातीपेक्षा दोन गुण पाहावेत. पहिला, कुत्रा हरणाच्या मागे जाता कामा नये. हिवाळ्यात प्यूमा असतो तिथे हरणं असतातच, आणि हरणामागे सुटलेला कुत्रा अख्खा दिवस वाया घालवतोच, वर बर्फात आधीच दमलेल्या हरणाचा जीवही घेऊ शकतो. दुसरा, हाक मारली की किंवा पट्ट्याचा इशारा दिला की त्याने परत यायला हवं. हे जमत नसेल तर तो कुत्रा डोंगरात न्यायच्या लायकीचा झालेला नाही.

दोन ते चार कुत्री पुरतात. त्यातला एक तरी वयस्कर, शांत डोक्याचा, जुना वास धरणारा हवा. अशा कुत्र्याला तिकडे 'कोल्ड नोज' म्हणतात. मोठी टोळी नेली की झाडाखाली गोंधळ वाढतो आणि प्यूमा खाली उतरला तर जखमाही वाढतात. प्रत्येकाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा, त्यावर मालकाचा फोन नंबर. आदल्या रात्री पट्टा चार्ज करून ठेवायचा आणि गाडीतून उतरवण्याआधी प्रत्येक पट्टा हातातल्या यंत्रावर दिसतो आहे हे पाहायचं.

रस्त्यावरचा शोध

माग शोधायला जंगलात शिरायचं नसतं. जंगल खात्याच्या कच्च्या रस्त्यांवरून पिकअप किंवा स्नोमोबाइल हळूहळू चालवत रस्ता ओलांडून गेलेले ठसे बघायचे. बर्फ मध्यरात्रीच्या सुमारास थांबला असेल तर उत्तम, कारण पहाटेपर्यंत प्राण्याला फिरायला वेळ मिळतो आणि त्याआधीचे सगळे ठसे पुसलेले असतात. बर्फ पडला नसेल तर काही जण आदल्या संध्याकाळी गाडीमागे जुना टायर बांधून रस्ता सपाट करून ठेवतात. सकाळी त्यावर जे उमटलेलं दिसेल ते रात्रीचंच.

उजेड तिरपा हवा. डोक्यावर बांधलेल्या दिव्याने वरून पाहिलं तर उथळ ठसा दिसतच नाही. टॉर्च गुडघ्याच्या खाली धरला की ठशात सावली पडते आणि कडा उठून दिसते. रस्त्याच्या वरच्या बाजूच्या कापलेल्या उतारावर खास नजर ठेवा. रस्त्यावरचा ठसा दुसऱ्या गाडीच्या चाकाखाली गेला तरी प्राणी चढला-उतरला तिथली खूण राहते.

कुठे शोधायचं ते हरणं ठरवतात. खोल बर्फातून हरणं आणि एल्क खाली, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर येतात, कारण तिथे ऊन लागून गवत उघडं पडतं. प्यूमा त्यांच्या मागे. तो कड्यांच्या पायथ्याने, सोंडेच्या माथ्यावरून, ओढ्याच्या काठाने जातो. दाट झाडाखाली बर्फ पातळ असतो तिथून चालतो, पडलेल्या ओंडक्यावरून जातो. एका ठिकाणी कावळे आणि मॅगपाय घिरट्या घालत असले तर तिथे मेलेलं जनावर असण्याची शक्यता मोठी. प्यूमा आपली शिकार बर्फ, पालापाचोळा, काटक्या ओढून झाकतो आणि काही दिवस जवळपास राहतो.

ठसा कोणाचा

प्यूमाचा ठसा साधारण साडेसात ते दहा सेंटीमीटर रुंद, आणि जितका लांब जवळजवळ तितकाच रुंद. नख्या आत ओढलेल्या असल्यामुळे त्यांच्या खुणा सहसा उमटत नाहीत. चार बोटं, त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा पुढे, त्यामुळे डावा-उजवा पंजा ओळखता येतो. तळव्याची गादी मोठी, तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, पुढच्या कडेला दोन. कुत्र्याचा किंवा लांडग्याचा ठसा लांबट असतो, दोन्ही बाजू सारख्या असतात, नख्या दिसतात, आणि बोटं व गादीच्या मधल्या उंचवट्यावरून फुलीसारख्या दोन रेषा ओढता येतात.

फसवतो तो लिंक्स, म्हणजे तिथलं दुसरं रानमांजर. त्याचा ठसा आकाराने प्यूमाएवढा असू शकतो, पण पंजावर दाट केस असल्यामुळे तो धूसर उमटतो, आणि प्राणी दहा किलोच्या आसपासचा असल्याने बर्फात फारसा रुततही नाही. प्यूमाची मादी ३५ ते ५० किलोची, नर त्याहून बराच जड. जिथे तुमचा बूट रुततो तिथे तोही रुततो. बॉबकॅट हे आणखी एक रानमांजर, त्याचा ठसा लहानच, पाच सेंटीमीटरच्या आसपास. खोल भुसभुशीत बर्फात बोटं दिसत नाहीत, नुसती भोकांची रांग दिसते. मग वरचा सैल बर्फ फुंकरीने उडवून तळ बघायचा, किंवा हातमोजा काढून तळाशी बोटं फिरवायची. दाबलेला बर्फ घट्ट असतो आणि गादीचा आकार हाताला लागतो. मधूनमधून शेपटी घासल्याची रेघ दिसली तर शंका उरत नाही.

ठसा कधीचा

इथे घाई केली की दिवस फुकट जातो, म्हणून हा भाग सावकाश शिकावा. ठशाशेजारी आपला बूट दाबा आणि दोन्हींची तुलना करा. ताज्या ठशातला बर्फ बोटाला पिठीसाखरेसारखा सुटा लागतो, कडा धारदार असतात, पायाने उडालेले कण पुढच्या बाजूला मोकळे पडलेले असतात. दाबला गेलेला बर्फ काही तासांत आतून जोडला जाऊन कडक होतो. बोटाने उचलला तर ठशाचा तळ एकसंध निघतो. त्यात वर टोकदार बर्फस्फटिक वाढलेले दिसले तर ठशाने एक थंड रात्र काढली आहे. ठशात झाडावरून पडलेला बर्फ, पाइनच्या सुया, वाऱ्याने आणलेली भुकटी आहे का, आणि वारा कधी सुटला होता, याचा मेळ घाला.

यात तापमानाची मेख आहे. तापमानाप्रमाणे ठसा कडक होण्याचा वेग बदलतो, त्यामुळे ताजा ठसा जुना किंवा जुना ठसा ताजा वाटू शकतो. दक्षिण उतारावर दुपारी ऊन लागलं की ठसा वितळून पसरतो आणि मध्यम आकाराची मादी मोठा नर वाटायला लागते. म्हणून मोजमाप नेहमी सावलीतल्या, ठसठशीत ठशाचं घ्यायचं, आणि पूर्ण पंजापेक्षा गादीची रुंदी मोजायची. साधारणपणे पाच सेंटीमीटरहून जास्त रुंद गादी मोठ्या नराकडे बोट दाखवते. एका ठशावर विसंबू नका. सलग बरेच ठसे मोजा.

दिशा ठरवणं सोपं वाटतं, पण खोल बर्फात माणसं हमखास चुकतात, आणि तरुण कुत्री उत्साहाने उलट्या दिशेला धावतात. बर्फ कुठल्या बाजूला उडाला आहे, पाय कुठे घासत आत गेला आणि कुठून बाहेर निघाला ते पाहा. बोटं मिळेपर्यंत मागावर चालत राहा. एखादं दाट झाड किंवा ओंडका गाठलात की तिथे स्पष्ट ठसा मिळतो.

पिल्लं आहेत का

माझ्या दृष्टीने सगळ्यात जड प्रश्न हाच. प्यूमाची पिल्लं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात जन्मतात, आईबरोबर साधारण वर्ष-दीड वर्ष राहतात, आणि लहान असताना आई त्यांना एका जागी ठेवून लांब शिकारीला जाते. म्हणजे मादीचा एकटा माग दिसला म्हणून पिल्लं नाहीत असं होत नाही. कुत्री लहान पिल्लांपर्यंत पोचली तर ती मारू शकतात.

म्हणून गादी लहान निघाली तर कुत्री गाडीतच ठेवून मागावर आधी स्वतः चालायचं, पुढेही आणि उलटंही. बाजूने लहान ठसे येऊन मिळतात का, ओंडक्याभोवती खेळल्यासारखी गुंतागुंत आहे का, एकाच आकाराच्या वाटणाऱ्या मागात मध्येच दोन रांगा फुटतात का, कारण प्यूमा एकमेकांच्या पावलांत पाऊल टाकत चालतात. शिकार सापडली तर तिच्याभोवतीचे ठसे नीट वाचा. कुटुंब असेल तर ते तिथेच उघड होतं. लहान पिल्लाची एक खूण जरी दिसली तरी त्या दिवशीचा माग संपला. शंका राहिली तरीही मी तेच करीन. नराचा माग पुन्हा मिळतो.

सोडण्याआधी शेवटची पाहणी

१९९५-९६ मध्ये यलोस्टोन आणि मध्य आयडाहोत लांडगे परत आणले गेले आणि त्यांचा विस्तार झाला, तेव्हापासून कुत्री घेऊन जाणाऱ्यांसाठी हा मोठा धोका आहे. लांडग्यांचा कळप भुंकणाऱ्या कुत्र्यांकडे येतो आणि त्यांना मारतो. त्या खोऱ्यात लांडग्याचे ताजे ठसे असतील किंवा ओरडणं ऐकू आलं असेल तर कुत्री उतरवायचीच नाहीत. फासे लावलेला टापू असेल तरी तेच. तार कापायचा मजबूत कटर खिशात हवाच, पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नको.

मग नकाशा. माग कुठल्या खोऱ्यात शिरतो आहे, मधे उभे कडे आहेत का, पलीकडचा रस्ता किती लांब आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलन होतं, आणि त्या दिवशीचं हिमस्खलनाचं पत्रक वाचल्याशिवाय डोंगरात पाय टाकायचा नाही. या छंदात मोह वेगळ्या तऱ्हेचा असतो: यंत्रावर दिसतं की कुत्री समोरच्या घळीपलीकडे झाडाखाली आहेत, अंतर थोडं आहे, आणि माणूस एरवी कधी ओलांडला नसता तो उतार ओलांडतो. म्हणून कुठून जायचं नाही ते आधी ठरवून ठेवा. बीकन (बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून शोधायची काठी, फावडं आणि सोबतीला एक माणूस हवाच. दुपारी कुत्री सोडू नयेत. अंधार पडायच्या आत परतता येईल एवढा वेळ नसेल तर माग उद्यासाठी ठेवा. लोकरीचे थर, कोरडे जादा हातमोजे, स्नोशूज, आग पेटवायचं साहित्य, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. सुती कपडे नकोत, भिजले की ते ऊब देत नाहीत.

सोडल्यावर

आधी जुना कुत्रा साखळीवर ठेवून मागावर न्या. त्याने वास धरला, योग्य दिशेला ओढायला लागला, की त्याला सोडा. तो नीट चालला आहे याची खात्री झाली की बाकीची. जुन्या वासावर कुत्रा मधूनमधून लांब सूर काढतो. प्यूमा उठला आणि वास गरम झाला की आवाज भरभर, चढा होतो. झाडाखाली पोचल्यावर एकाच जागेवरून तोडून तोडून, ठरावीक लयीत भुंकणं चालू राहतं. यंत्रावरचा ठिपका स्थिर झाला तरी कान द्या. कड्याच्या कपारीत प्यूमा अडलेला असेल तर ठिपका तसाच स्थिर दिसतो. जमिनीवर अडलेला प्यूमा लढतो, आणि कड्यावरून कुत्री पडतात. असं वाटलं तर लगेच कुत्री परत बोलवा. पाठलाग फार लांबला, आवाज डोंगरामागे डोंगर ओलांडत राहिला, तरी बोलवा.

झाडाखाली

शांतपणे, शक्यतो वरच्या बाजूने जा. पहिलं काम कुत्री बांधणं. प्रत्येक कुत्रा वेगळ्या झाडाला, प्यूमाच्या झाडापासून लांब. मग वर बघा, आणि शेजारच्या झाडांवरही बघा, दुसरा प्राणी असू शकतो. प्यूमाच्या खाली थेट उभं राहू नका आणि त्याची उतरायची वाट मोकळी ठेवा. तोंड उघडं, लाळ गळते आहे, पोट जोरात हलतं आहे, तर तो तापलेला आणि थकलेला आहे. लगेच मागे हटा.

नर-मादी ओळखायची तर दुर्बिणीतून मागून पाहा. नराला गुदद्वाराच्या खाली दहा-बारा सेंटीमीटरवर काळ्या केसांचा ठिपका असतो, मादीला तो नसतो. शेपटी आडवी आली तर थांबावं लागतं, काठीने हुसकायचं नाही. दूध पाजणाऱ्या मादीचे सड गडद आणि उठून दिसतात. ते दिसले तर तिथून तात्काळ निघायचं. भूल देणं हे प्रशिक्षित जीवशास्त्रज्ञ किंवा पशुवैद्याचं काम. झाड किती उंच, खाली काय आहे, औषध चढेपर्यंत प्राणी पडला तर कसा झेलायचा, शुद्धीवर येईपर्यंत त्याला थंडी कशी लागू द्यायची नाही, हे सगळं त्यांना पाहायचं असतं. तुम्ही मदतीला असाल तर जाळं धरा, सांगतील तेवढं करा, बोलू नका.

फोटो आणि नोंदी दहा-पंधरा मिनिटांत उरकाव्यात. नोंदीत वेळ, जागा, गादीची रुंदी, नर की मादी, सोबतीचे ठसे, शिकार सापडली असल्यास ती कसली. मग कुत्री साखळीवर घेऊन तिथून निघा, आणि किमान किलोमीटरभर साखळी सोडू नका, नाहीतर ती परत झाडाकडे धावतात. सगळा आवाज विरला की प्यूमा स्वतः उतरतो. त्याच प्राण्यामागे त्याच दिवशी पुन्हा कुत्री सोडायची नाहीत, आणि एखादा प्यूमा वारंवार सापडत असेल तर ते खोरं काही आठवडे सोडून द्या. थंडीत खर्च झालेली ताकद त्याला पुढच्या शिकारीतून भरून काढायची असते.

गाडीशी परतल्यावर

आधी कुत्री, मग आपण. बोटांमधे बर्फाच्या गोळ्या अडकलेल्या असतात, त्या हाताने वितळवून काढा. कडक बर्फाच्या पापुद्र्याने तळवे कापतात, तेही तपासा. अंगावरून हळूहळू हात फिरवा. प्यूमाच्या नखाची किंवा सुळ्याची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल असते, केसांत ती नजरेला पडत नाही पण हाताला ओलसर लागते. सलाइनने धुवा, जखम चिकटवून बंद करू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा, कारण अशा जखमा आतून चिघळतात. कोमट पाणी, थोड्या वेळाने चरबीयुक्त खाणं, खोक्यात कोरडं गवत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कुत्र्याला मोकळं चालवून बघा. लंगडणं बऱ्याचदा रात्रीच्या विश्रांतीनंतरच दिसतं, आणि जो लंगडतो त्याला बरा होईपर्यंत घरीच ठेवा.